एअरवे मोजायच्या आधी मान बघा

थीसिसला एअरवेचा विषय घेतलेल्या ज्युनिअर्ससाठी लिहितेय, मी जिथे माती खाल्ली तिथे तुम्ही खाऊ नका म्हणून.

माझा विषय होता ट्रीटमेंटच्या आधी आणि नंतर घशातली हवेची जागा किती बदलते, सीबीसीटीवर, म्हणजे जबडा-चेहऱ्याच्या थ्रीडी एक्सरे स्कॅनवर. पहिल्याच पेशंटचा व्हॉल्यूम मस्त वाढलेला दिसला आणि मी हवेत. गाइडनी आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही, दोन्ही स्कॅनचे साइड व्ह्यू शेजारी लावायला सांगितले आणि म्हणाले, आता मानेचे मणके बघ. पहिल्यात हनुवटी छातीकडे झुकलेली, दुसऱ्यात चिन रेस्ट (हनुवटी टेकवायचा आधार) उंच होता म्हणून पेशंटने मान ताणून वर केलेली. मग वाढलं ते ट्रीटमेंटने की मानेने? बोलती बंद.

मी म्हटलं, ओरिएंट करून घेते ना, फ्रँकफर्ट प्लेन (डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक जोडणारी पातळी) आडवी केली की झालं. नाही होत हो! सॉफ्टवेअर अख्खा स्कॅन एकगठ्ठा फिरवतं, डोकं सरळ दिसतं पण मान तेवढीच तिरकी होते, दोघांमधला कोन स्कॅन घेताना होता तोच राहतो आणि घसा त्या कोनावरच उघडतो किंवा दबतो. हे कळायला मला आठवडा लागला.

कारण साधं आहे, टाळूच्या मागून स्वरयंत्रापर्यंतची नळी म्हणजे जीभ, सॉफ्ट पॅलेट (टाळूचा मागचा मऊ भाग) आणि स्नायूंवर लोंबकळणारं हायॉइड हे जिभेखालचं हाड, पक्का आधार नाहीच. डोकं मागे गेलं की हे सगळं मागच्या भिंतीपासून सुटतं, बेशुद्ध माणसाचं डोकं मागे करून हनुवटी उचलतात ते याचसाठी. साइड एक्सरेवर कवटी आणि मानेतला कोन १० अंशांनी वाढला तर घशाची जागा साधारण ४ मिमीने वाढते असं मोजलेलं आहे, आणि जागा मुळात सेंटिमीटरभर! नाकामागचा भाग त्यामानाने शहाणा, फारसा हलत नाही.

सीटी झोपवून घेतात, सीबीसीटी बहुतेक बसवून किंवा उभं करून. आडवं झालं की जीभ मागे पडते, त्यामुळे दोन्हीचे आकडे एका टेबलात टाकू नका, प्लीज.

स्कॅनच्या वेळी स्वतः तिथे थांबा. दात मिटून, जीभ टाळूला, शांत श्वास, गिळायचं नाही, हे प्रत्येकाला त्याच शब्दांत सांगा. तरी गिळतात, स्कॅन २० सेकंदांचा असला की कोणीतरी गिळणारच, मग कडा धूसर येते आणि थ्रेशोल्ड, म्हणजे कुठवर हवा धरायची ती करडेपणाची सीमा, जरा हलवला की व्हॉल्यूम बदलतो.

मी शेवटी दोन स्कॅनमधे कोनाचा फरक ५ अंशांपेक्षा जास्त असलेले पेशंट काढून टाकले, सॅम्पल इतकं घटलं की नवीन शोधण्यात सहा महिने गेले. तो पहिला पेशंटही गेला. सगळ्यात भारी स्क्रीनशॉट त्याचाच होता.