सोन्यातलं तांबं म्हणजे हीण नव्हे

कोलंबसपूर्व अमेरिकेच्या धातुकामाकडे वळताय म्हणजे मेणाच्या नमुन्यावर मातीचा साचा चढवून, मेण वितळवून त्याच्या जागी धातू ओततात, ते ओतकाम तुम्हाला ठाऊकच असणार. मी सांगतेय ती एकच चूक, जिच्यापायी माझं वर्ष गेलं.

आमचं घर सोनारांचं. सोन्यात तांबं म्हणजे हीण, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. कोस्टा रिकाच्या दिकीस भागातला बेडकाचं पदक अभ्यासाला घेतलं आणि पहिल्याच टिपणात लिहिलं, ‘हिणकस सोनं, वर मुलामा’. दोन्ही शब्द चुकीचे! तुंबागात, म्हणजे तिथल्या सोन्या-तांब्याच्या मिश्रधातूत, तांबं मुद्दाम घालत. सोनं १०६४ अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. पण सोन्यात पाचवा हिस्सा तांबं मिसळलं की रस ९१० च्या आसपासच होतो. आणि मुलामा तर नाहीच. दागिना तापवला की वरचं तांबं काळं पडतं, ते वनस्पतींच्या आंबट रसाने काढायचं, पुन्हा तापवायचं. दर खेपेला पृष्ठभागावरचं तांबं घटतं, सोनं उरतं. तो पिवळेपणा त्याच धातूचा, बाहेरून चढवलेला नव्हे. झिजलेल्या कडेला लालसर झाक दिसली तर ‘मुलामा उडाला’ असं कृपा करून लिहू नका.

कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक अशा तांबूस धातूला ग्वानिन म्हणत. त्याचा रंग आणि वास त्यांना इतका प्रिय, की शुद्ध सोनं त्यापुढे फिकं. आपली कसोटी तिथे लावायचीच नाही.

अर्थाच्या बाबतीत तर घाईच नको. ‘बेडूक म्हणजे पाऊस’ असल्या तयार याद्या मला अजिबात पटत नाहीत. आधी वस्तू बघा: मागचे पाय थाळीसारखे चपटे, तोंडातून दोन्हीकडे सापाची मुंडकी. असा बेडूक कुठल्या रानात असतो? पक्ष्यांच्या पदकांना कोलंबसाच्या १५०२ च्या सफरीपासून ‘गरुड’ म्हणतात, पण कित्येकांच्या चोची गिधाडाकडे झुकतात. त्यातून बऱ्याच वस्तू थडगी लुटून आलेल्या, कुणाच्या छातीवर होत्या ते कळायची सोय नाही. म्हणून सुरुवात पनामाच्या सितिओ कोंतेपासून करा. तिथली थडगी १९३० च्या दशकात आणि १९४० मध्ये रीतसर खणली गेली.

मार्गदर्शक निवडताना नावाला भुलू नका. माझ्या मार्गदर्शकांनी ते टिपण न वाचताच पुढे सरकवलं. चूक दाखवली ती संग्रहालयातल्या एका ओतकाम करणाऱ्या कारागिराने.

आणि हो, घाबरू नका. घरचं शिकलेलं वाया जात नाही. बेडकाच्या डोळ्याभोवती मेणाची तार गुंडाळून तिची टोकं कुठे जुळवली, ते मला भिंगाशिवाय दिसलं होतं.