पेन ड्राइव्ह ओढून काढण्याआधी

कॉपीची हिरवी पट्टी भरली म्हणजे फाइल पेन ड्राइव्हवर पोहोचलीच, असं नाही. संगणक बरेचदा माहिती आधी रॅममध्ये ठेवतो आणि सवडीने ड्राइव्हवर उतरवतो. ‘इजेक्ट’ म्हणजे उरलंसुरलं लिहून काढ आणि ड्राइव्ह सोड, एवढाच हुकूम.

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून (२०१८) ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ सेटिंग आहे. त्यात ही साठवण टाळली जाते, म्हणून कॉपी संपल्यावर थेट काढलेला ड्राइव्ह बहुधा वाचतो. पण मागे एखादा प्रोग्रॅम लिहीत असेल तर ही सेटिंग काही वाचवत नाही. तुमच्याकडे काय आहे ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहा: डिस्क ड्राइव्हज, तुमच्या ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉलिसीज. तिथे ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडलेलं असेल तर इजेक्टला पर्याय नाही.

काढताना आधी ड्राइव्हवरच्या उघड्या फाइल्स बंद करा. टास्कबारच्या उजव्या टोकाला, घड्याळाजवळच्या बाणावर क्लिक करून यूएसबीचं चिन्ह शोधा, ड्राइव्हच्या नावाचं इजेक्ट दाबा आणि काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबा. चिन्ह सापडत नसेल तर ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करा, तिथेही इजेक्ट असतं.

खरी डोकेदुखी ‘डिव्हाइस इज करंटली इन यूज’ या संदेशाची. बहुतेकदा दोषी साधाच असतो: मागे दडलेली एक्सेलची खिडकी, पीडीएफ वाचक किंवा चालू असलेलं अँटीव्हायरस स्कॅन. तरी सापडत नसेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधचौकटीत ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन टाका. फाइल कोणी धरून ठेवली आहे ते बहुधा तिथे दिसतं. तो प्रोग्रॅम रीतसर बंद करा. शेवटचा उपाय म्हणजे शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करणं, म्हणजे संगणक पूर्ण बंद होतो. स्लीपवर टाकून ओढू नका. स्लीपमध्ये फाइल्स उघड्याच राहतात.

लिनक्सवर तर घाई अजिबात नको. तिथे मोठी फाइल ‘संपली’ असं दिसल्यावरही लिहिणं बराच वेळ चालू राहू शकतं. फाइल मॅनेजरमध्ये इजेक्ट दाबा आणि ड्राइव्ह काढता येईल असा संदेश येईपर्यंत हात लावू नका. मॅकवर फाइंडरमध्ये ड्राइव्हच्या नावाशेजारचं इजेक्टचं चिन्ह दाबलं की झालं.

एवढी काळजी कशाला? बहुतेक पेन ड्राइव्हवर फाइल्स एफएटी३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीने मांडलेल्या असतात आणि या पद्धतींत जर्नल, म्हणजे अर्धवट बदलांची नोंदवही, नसते. कुठली फाइल कुठे आहे याचा तक्ता लिहिता लिहिता ड्राइव्ह निघाला, तर न उघडलेल्या फाइलीही गायब दिसू शकतात.

तसं झालंच तर विंडोजने ‘फॉरमॅट करू का?’ विचारल्यावर ‘हो’ म्हणू नका. महत्त्वाचं काही असेल तर आधी रिकव्हरी प्रोग्रॅमने ते बाहेर काढा. त्यानंतरच प्रॉपर्टीज, टूल्स, चेक या वाटेने दुरुस्ती करा, कारण ही दुरुस्ती कधी कधी हरवलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये ओळख न पटणाऱ्या नावांनी टाकून देते.