वारली चित्रकाराला कॉलेजात पंधरा दिवस बोलावताना

निवासी कलाकार म्हणजे लांबवलेली कार्यशाळा नव्हे. कार्यशाळेत कलाकार शिकवायला येतो. निवासात तो स्वतःचं काम करतो आणि मुलं ते होताना बघतात. हा फरक प्राचार्यांना, त्याहून जास्त हिशेबाच्या टेबलाला आधी पटवा. कलाकार-कारागिरांना निवासी म्हणून बोलावण्याबद्दल यूजीसीने २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना प्रस्तावाला जोडल्या की महाविद्यालय विकास समितीपुढे बोलणं सोपं जातं.

तारखा शेतीकडे बघून ठरवा. डहाणू, तलासरी, जव्हारकडचे अनेक चित्रकार शेतीही करतात. जून-जुलैत पेरणी आणि आवणी (भाताची लावणी), पुढे दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी. या दिवसांत आमंत्रण पाठवलं तर माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि ऐनवेळी अडकतो. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी सगळ्यात बरा: भिंती कोरड्या असतात, परीक्षा लांब असते. फक्त गॅदरिंगचा आठवडा टाळा.

सोमवारी सुरुवात करा. पहिले दोन दिवस वर्ग नाही. जागा, भिंत, सामान. बुधवार ते शनिवार आणि पुढचा सोमवार ते शनिवार असे दहा दिवस मुलांबरोबर रोज तीन तास, दुपारी २ ते ५. मधला रविवार सुट्टीचा, शेवटचे दोन दिवस काम पुरं करायला आणि लोकांना दाखवायला. प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट, ते यात बसतं. सकाळ मात्र कलाकाराची. तिथे पाहुणे, फोटोवाले, सत्कार, काही घुसवू नका. मुलं एका वेळी १५ पर्यंतच घ्या. पन्नास घेतलीत की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात.

मानधन, प्रवास, राहणं-जेवण आणि साहित्य हे चार खर्च वेगळे लिहा. सगळं मिळून एकच आकडा ठेवला की रंग मानधनातून येतो. जोडीने बोलवा आणि दुसऱ्या व्यक्तीला ‘मदतनीस’ म्हणून फुकट धरू नका. बाईला आवर्जून बोलवा: लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, मुळात सवाशिणी काढतात. पुरुषांची, रोजच्या जगण्याची चित्रं पुढे आली ती १९७० च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यापासून. पॅन कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स पत्रव्यवहारातच मागा, टीडीएस कापणार असाल तर नेमका किती ते सांगा, अर्धी रक्कम येण्याआधी खात्यात टाका. ‘बिल पास झालं की देऊ’ हे वाक्य घेऊन कोणाला पालघरच्या गाडीत बसवू नये.

करारात एक कलम विसरू नका. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, १९५७ च्या कायद्याप्रमाणे काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तर कॉलेज मालक. ‘कॉपीराइट कलाकाराचा, कॉलेजला भिंतीवर ठेवण्याची आणि वार्षिकांकात छापण्याची परवानगी’ असं स्पष्ट लिहा. नाव लावून घेण्याचा हक्क तर कॉपीराइट दिल्यावरही कलाकाराकडेच राहतो. भिंत पुढे पाडायची वा रंगवायची झाली तर आधी कळवायचं, हेही लिहा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून टाकल्याचा खटला २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सरकार हरलं.

आता भिंत. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. वारली घराच्या कुडाला शेणमातीचं लिंपण असतं, ते पाणी पितं. कॉलेजच्या भिंतीला ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट असतो, तो पीत नाही. त्यावरचा गेरू महिन्याभरात पापुद्र्याने सुटतो. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. ओल तपासायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवा. आत दव धरलं तर ती भिंत सोडा. चांगली भिंत नसेल तर ८ बाय ४ फुटांचे, १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घ्या. मांजरपाटही चालतो, पण आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा, नाहीतर शेणाचा हात दिल्यावर कापड आक्रसतं.

गेरूसाठी सुरुवातीचं माप: एक किलो पूड, दीड लिटर पाणी, १५० मिली फेव्हिकॉल. आधी कोपऱ्यात हातभर लावून वाळवा आणि तळवा फिरवा. हाताला लाल आलं तर चिकट कमी; पृष्ठभाग चकाकला किंवा तडकला तर जास्त.

पांढऱ्यासाठी पाव किलो तांदूळ रात्री भिजवून गंधासारखे बारीक वाटा, फडक्यातून गाळा, भिजवलेल्या बाभळीच्या डिंकाचं पाणी घाला. पातळ दह्याइतकं दाट हवं. पातळ झालं की ओघळतं, दाट झालं की रेघ तुटते आणि वाळल्यावर खपली उडते. उन्हाळी हवेत दुसऱ्या दिवशी ते आंबतं, म्हणून रोजच्यापुरतंच करा. काम वर्षानुवर्षं टिकायला हवं असेल तर पांढरा ॲक्रिलिक, निर्णय कलाकाराचा. लेखणी म्हणजे टोक ठेचून तंतू मोकळे केलेली बांबूची काडी. ब्रशचा गठ्ठा आणून ठेवलात तरी मुलांच्या हाती काडीच द्या.

मुलं पहिल्याच दिवशी तारपा नाचाचं (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य) वर्तुळ उतरवायला धावतात. थांबवा. आधी फक्त माणूस: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून. दोन्ही सरळ रेषेत आले की माणूस खांबासारखा उभा राहतो. वरचा जरा कलला की तोच ओझं उचलतो. एवढ्यावर दोन दुपारी गेल्या तरी चालतील.

लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट ही वारल्यांची देवी काढायला फर्मावू नका. ती लग्नविधीची गोष्ट आहे. शोभेसाठी काढायची की नाही ते कलाकाराने ठरवायचं.

मुक्कामाला तळमजल्याची स्वतंत्र खोली, कामाच्या जागेजवळ नळ आणि खाली बसायला सतरंजी हवी. उंचावरच्या कामासाठी रंगाऱ्याचा घोडा (उभं राहून काम करायची शिडीवजा चौकट) सांगून ठेवा. टेबलावर खुर्ची चढवू नका.

काम झालं की तांदळाच्या रंगावर वॉर्निश मारू नका, पांढरं काळवंडतं. बाजूला कलाकारांची नावं, गाव आणि साल लिहा. उरलेली रक्कम शेवटच्या सोमवारी, गाडी सुटायच्या आधी खात्यात जमा झालेली असू द्या.