टेंपल रन २ खेळताना या चुका टाळा

टेंपल रन हा फोनवरचा पळत राहायचा गेम. त्याचा पहिला भाग भरपूर खेळलेला माणूस टेंपल रन २ हातात घेतो आणि अगदी नवख्या माणसापेक्षा लवकर आउट होतो. हे इतक्यांदा पाहिलंय की आता लिहायलाच हवं.

कारण साधं आहे. मूर्ती उचलायची, पळत सुटायचं, बोट वर ओढलं की उडी, खाली ओढलं की घसरत जायचं, फोन कलवला की रस्त्याची कड धरायची. हे सगळं तसंच ठेवलंय, त्यामुळे जुनाच गेम नव्या चित्रांत आणलाय असं वाटतं. पण पहिला भाग ऑगस्ट २०११ मध्ये आला आणि दुसरा जानेवारी २०१३ मध्ये. कीथ शेफर्ड आणि नतालिया लुक्यानोवा या नवराबायकोच्या इमँगी स्टुडिओजनं मधल्या काळात रस्ता बदलला, कॉइनचा हिशेब बदलला आणि आउट होण्याचा नियमसुद्धा बदलला. पहिल्या चार दिवसांतच २ कोटींहून जास्त डाउनलोड झाले होते. त्यातले कितीतरी जण जुनी सवय घेऊन आले आणि अजूनही तीच सवय घेऊन पळताहेत.

प्रत्येक वळणावर बोट ओढणं

माझ्या मते सगळ्यात जास्त धावा इथे फुकट जातात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या भागात रस्ता सपाट आणि सरळ होता. समोर भिंत दिसली की काटकोनात वळायचं, बस. कोपरा लांबून दिसायचा. दुसऱ्या भागात रस्ता डोंगरमाथ्यावर आहे. तो चढतो, उतरतो आणि नागमोडी वळतो. आता दोन प्रकारची वळणं आहेत. एक, रस्ता हळूहळू एका बाजूला झुकत जातो. इथे तुम्ही काहीच करायचं नसतं, धावणारा आपोआप रस्त्याबरोबर वळतो. दुसरं, जुन्यासारखा काटकोनी कोपरा. तिथे बोट ओढावंच लागतं.

जुना खेळाडू रस्ता डावीकडे झुकलेला पाहतो आणि बोट डावीकडे ओढतो. तिथे कोपराच नसतो. धावणारा कडेला आपटतो, अडखळतो आणि त्याच्या मागे लागलेलं राक्षसी माकड एकदम पाठीशी येतं. ते मागे पडायच्या आत दुसऱ्यांदा अडखळलात की संपलं. पुढच्या वेळी तोच खेळाडू सावध होऊन थांबतो, आणि नेमका तेव्हा खराखुरा कोपरा येतो. मग सरळ दरीत. आणि वर म्हणतो, ‘स्वाइप घेतच नाही.’ स्वाइप घेतो. तो चुकीच्या जागी दिलेला असतो.

माझी सवय सांगतो. धावणाऱ्याकडे बघायचंच नाही. तो कुठे आहे हे नजरेच्या कडेनं कळतं. डोळे स्क्रीनच्या वरच्या एक तृतीयांश भागात ठेवायचे, जिथे रस्ता उगवतो. रस्त्याची कड अखंड वाकत गेलेली दिसली तर बोट शांत ठेवायचं. कड तुटून समोर मोकळं आकाश किंवा भिंत दिसली तर तो कोपरा. चढ असेल तर पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून चढावर मी बोट स्क्रीनला टेकवूनच ठेवत नाही, नुसतं जवळ धरतो. माथा ओलांडला की जे दिसेल त्याला उत्तर द्यायचं. चढावरच अंदाजानं उडी मारणारे लोक पाहिले की जीव तुटतो.

हे अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि तो द्यावा लागतो. सुरुवातीच्या धावांत स्कोअर विसरा. फक्त ‘हा झुकलेला रस्ता, हा कोपरा’ एवढंच ओळखत पळा. वेग कमी असतो तेव्हाच हे शिकता येतं, पुढे वेग वाढला की शिकायला उसंत मिळत नाही. पण नवखे इथेच घाई करतात. पहिल्याच दिवशी मित्राचा स्कोअर मोडायचा असतो.

‘सेव्ह मी’ दिसलं की दाबणं

पहिल्या भागात मरणातून वाचायचं असेल तर आधीच पुनर्जन्माचे पंख घ्यावे लागायचे आणि पळतापळता दोनदा टॅप करून ते लावावे लागायचे. थोडक्यात, संकटाचा अंदाज आधी बांधावा लागायचा. दुसऱ्या भागात उलटं आहे. आधी आउट व्हायचं, मग ‘सेव्ह मी’चं बटण येतं, आणि हिरवे जेम, म्हणजे वाटेत मिळणारी रत्नं, दिली की तिथूनच पुढे पळता येतं. सोय चांगली आहे, पण तिची किंमत नीट पाहा. पहिल्यांदा १ जेम. त्याच धावेत दुसऱ्यांदा २, मग ४, मग ८, मग १६. दरवेळी दुप्पट.

माझ्या भाच्यानं बरेच आठवडे जेम साठवले होते. वाटेत तरंगणारा जेम दिसला की तो रस्त्याची कड धरून, जीव धोक्यात घालून तो उचलायचा. एका संध्याकाळी त्याची धाव त्याच्या सर्वांत मोठ्या स्कोअरच्या अगदी जवळ पोचली. मी शेजारी बसून बघत होतो. एका कोपऱ्यावर तो उशिरा वळला आणि पडला. बटण आलं, त्याच्या बाजूची वेळ झरझर सरकत होती, त्यानं दाबलं. थोडं पुढे फिरत्या काटेरी चाकात अडकला. दाबलं. मी म्हटलं, “अरे थांब, किती जेम गेले ते बघ तरी.” तो म्हणाला, “मामा, आत्ता बोलू नकोस ना!” पुन्हा पडला, पुन्हा दाबलं. पाचव्यांदा दाबलं तेव्हा त्या एका धावेत एकूण ३१ जेम गेले होते. आणि त्यानंतर काही क्षणांतच तो सरळ रस्त्यावर, उडी मारायला विसरून पडला. स्कोअर मोडलाच नाही. तो फोन माझ्या हातात देऊन गप्प बसला, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

त्याचं पळणं उत्तम होतं. चुकला तो हिशेबात. पडल्यावर हात थरथरत असतात, लक्ष बटणावर असतं, रस्त्यावर नसतं. तिथून पुढची धाव बहुधा छोटीच होते. आणि ती छोटी धाव प्रत्येक वेळी दुप्पट किमतीला मिळते.

मी एका धावेत दोनदाच वाचवतो, म्हणजे फार तर ३ जेम. तिसऱ्यांदा पडलो की धाव संपली असं धरतो. तेही दुसरं ‘सेव्ह मी’ फक्त चांगल्या धावेत. सुरुवातीलाच पडलात तर एकही जेम घालवू नका, नवी धाव सुरू करायला काही लागत नाही.

भरलेलं मीटर तसंच सोडणं

कॉइन गोळा करत गेलात की बाजूचं मीटर भरतं. भरलं की स्क्रीनवर दोनदा टॅप करायचं, तुमच्या पात्राची शक्ती चालू होते. गाय डेंजरसकडे शील्ड, स्कार्लेट फॉक्सकडे बूस्ट (थोडा वेळ सुसाट पळणं), बॅरी बोन्सकडे जादा कॉइन, कर्मा लीकडे जादा स्कोअर. अशी मीटर भरून चालू करायची शक्ती पहिल्या भागात नव्हती. तेव्हा दोनदा टॅप म्हणजे पंख, आणि शक्ती फक्त वाटेत तरंगणाऱ्या चिन्हांतून मिळायच्या. म्हणून जुने खेळाडू भरलेलं मीटर घेऊन लांबवर पळतात आणि ते न वापरताच पडतात. काहीजण ‘अडचणीच्या वेळी वापरू’ म्हणून जपून ठेवतात. अडचण सांगून येत नाही. मीटर भरलं की पहिल्या सरळ पट्ट्यात वापरा, ते पुन्हा भरायला लागेल.

इथेच आणखी दोन गोष्टी. शील्ड अडथळ्याला धडकण्यापासून वाचवतं, दरीत पडण्यापासून नाही. शील्ड चालू आहे म्हणून कोपऱ्यावर गाफील राहिलात तर गेलात. आणि बूस्टमध्ये धावणारा स्वतःच सगळं सांभाळतो, त्यामुळे लोक अंगठा बाजूला घेऊन आरामात बघत बसतात. बूस्ट संपतो त्या क्षणी समोर काय असेल ते असेल. चमक विझायच्या आधीच अंगठा जागेवर हवा.

खाणीतल्या गाडीत स्वाइप करत राहणं

दुसऱ्या भागात धावणारा मध्येच खाणीतल्या रुळांवरच्या गाडीत बसतो. ही गाडी पूर्णपणे नवी आहे, त्यामुळे तिथे जुन्या सवयीचा काहीच उपयोग नाही. फोन कलवून बाजू निवडायची, तुळई आली की तेवढं बोट खाली ओढून वाकायचं. उडी विसरा. रूळ फुटतात तिथे एक बाजू बंद असते, ती आधी बघा आणि मग कलवा.

दोरीवरून लटकत जाताना मात्र घाबरायचं काही नाही, नुसता फोन हळू कलवून कॉइन घ्या.

आडवं पडून खेळणं

‘माझा माणूस सारखा उजवीकडेच जातो, गेम बिघडलाय’ ही तक्रार ऐकली की मी पहिला प्रश्न विचारतो: झोपून खेळता का? दहापैकी बहुतेक वेळा उत्तर हो असतं. फोनमधला ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा मोजतो. तुम्ही कुशीवर वळलात, फोनही तुमच्याबरोबर वळला, तर तुमच्या डोळ्यांना तो सरळच दिसतो. पण फोनच्या दृष्टीनं तो पूर्ण कललेला आहे. मग धावणारा एका कडेला चिकटतो, आणि रस्त्याची तीच बाजू खचलेली आली की पडतो. उठून बसा. कोपर मांडीवर किंवा टेबलावर टेकवा. कलवायचं ते मनगटानं, थोडंसं. स्टिअरिंग फिरवल्यासारखा फोन फिरवणाऱ्यांचा अंगठा पुढचा स्वाइप वेळेवर देऊच शकत नाही.

उठून बसल्यावरही एकाच बाजूला जात असेल तर आधी बाकीची ॲप बंद करून गेम पुन्हा सुरू करा, मग फोन एकदा रीस्टार्ट करा. जाड कव्हर आणि धूळ बसलेली स्क्रीनगार्ड हीसुद्धा स्वाइप न घेण्याची नेहमीची कारणं आहेत. ओला अंगठा तर आहेच.

स्क्रीनच्या काठावरून बोट ओढणं

आजकालच्या अँड्रॉइड फोनमध्ये काठावरून आत बोट ओढलं की ‘बॅक’ होतं, वरून खाली ओढलं की नोटिफिकेशनचा पडदा येतो. गेममध्येही हेच स्वाइप. त्यामुळे अंगठा नेहमी स्क्रीनच्या मधल्या भागात ठेवायचा आणि स्वाइप छोटा द्यायचा. लांबलचक रेघ ओढायची गरज नसते, गेमला फक्त दिशा कळायला हवी. खेळायच्या आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. चांगली धाव चालू असताना मेसेजची पट्टी कोपऱ्यावर येऊन बसली की कुणाचंही चित्त विचलित होतं.

बॅटरी सेव्हर चालू असेल तर बंद करा. तो फोनचा वेग कमी करतो आणि चित्र अडखळतं.

स्कोअरसाठी फक्त लांब पळणं

लांबच लांब पळतात, आणि स्कोअर मात्र शेजारच्याच्या निम्मा. कारण मल्टिप्लायर, म्हणजे स्कोअर किती पटीनं मोजायचा तो आकडा. गेम तुम्हाला एका वेळी तीन उद्दिष्टं देतो: इतके कॉइन गोळा करा, इतकं अंतर पळा, असं. ती पूर्ण झाली की लेव्हल वाढते आणि लेव्हलबरोबर मल्टिप्लायर. धाव सुरू करायच्या आधी उद्दिष्टं वाचा. मी तर दर धावेत एकच उद्दिष्ट मनात ठेवतो. बाकी मिळालं तर मिळालं.

कॉइन आले की लगेच नवं पात्र घेणं ही याचीच जोडचूक. पात्र बदललं म्हणून तुम्ही चांगले पळत नाही. आधी कॉइनची किंमत वाढवा, मग शक्तीचं मीटर लवकर भरणारं अपग्रेड, मग कॉइन ओढून घेणारं मॅग्नेट. शील्डचा वेळ शेवटी. हा माझा क्रम आहे, तुमचा वेगळा असू शकतो, पण कॉइनची किंमत आधी वाढवण्यात तोटा कुणाचाच नाही, कारण पुढचं सगळं त्याच कॉइननी घ्यायचं आहे.

‘अनलिमिटेड जेम’वाली फाइल टाकणं

नको. इंटरनेटवर फिरणारी गेमची ही बदललेली फाइल कुणी बनवली, तिच्यात काय घातलंय, तुम्हाला माहीत नसतं, आणि ती तुम्ही अशा फोनमध्ये टाकता ज्यात तुमचे फोटो आणि बँकेचं ॲप आहे. गेम मूळचाच फुकट आहे. शिवाय जेम संपतच नसतील तर कोपरा शिकायचं कारणच उरत नाही. पडा, दाबा, पडा, दाबा. असे खेळाडू मी पाहिलेत, त्यांना साधी धाव दोन मिनिटं टिकवता येत नाही.

अडकला की ‘क्लिअर डेटा’ करणं

गेम हँग होतो म्हणून सेटिंगमध्ये जाऊन जे दिसेल ते दाबणारे बरेच आहेत. ‘क्लिअर कॅश’ म्हणजे तात्पुरत्या फाइली जातात. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणजे फोनमध्ये साठवलेली तुमची प्रगतीच जाऊ शकते: लेव्हल, कॉइन, पात्रं, सगळं. अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकण्यातही हाच धोका. क्रम असा ठेवा: गेम पूर्ण बंद करून उघडा, फोन रीस्टार्ट करा, फोनमध्ये जागा मोकळी करा, अपडेट आलंय का बघा, मग कॅश. त्यापुढे कशालाही हात लावायच्या आधी मोठ्यांना विचारायचं, हे मुलांना सांगून ठेवा.

आणि फोन मुलाच्या हातात देणार असाल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, ती आजच चालू करा. जेम खरे पैसे देऊनही विकत मिळतात, आणि ‘सेव्ह मी’ची वेळ सरकत असताना मूल किंमत वाचत नाही.