वसुलीवाल्यांचे रात्रीचे फोन आणि ‘गाडी उचलू’ची धमकी: कशाने थांबलं

दुचाकीचे हप्ते थकले होते. रात्री दहालाही वसुलीचे फोन, मग थेट माझ्या मेव्हण्याला. नंबर ब्लॉक केला की नवा नंबर. शाखेत एकच उत्तर, ‘एजन्सीशी बोला’. डोकं उठलं होतं.

लागू पडलं ते असं. आधी तारीख-वेळ दिसेल असे कॉल लॉगचे स्क्रीनशॉट. मग कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल: रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन चालत नाहीत. त्यातच मुदत वाढवून छोटे हप्ते मागितले. ३० दिवसांत उत्तर नाही, म्हणून त्या ईमेलची प्रत जोडून सीएमएस पोर्टलवर (रिझर्व्ह बँकेची तक्रारींची वेबसाइट) रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार. फोन बंद झाले, नवे हप्ते लेखी मिळाले. ‘सेटलमेंट’ (थोडी रक्कम भरून कर्ज मिटवणं) मुद्दाम टाळली. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ शेरा बसतो.