बोट बुडणारच आहे, तशीच बांधा: आरसी (रेडिओने चालवायच्या) युद्धनौकांच्या लढाईत नवखे करतात त्या चुका

या खेळात येणारे बरेच जण मॉडेल बांधण्याच्या छंदातून येतात आणि त्यांच्या चुकांचं मूळही तिथेच असतं. बोट देखणी बांधतात, तरंगेल अशी बांधतात, पण ती बुडेल हे काही मनापासून मान्य करत नाहीत. इथे बोट बुडते. मुरलेल्या खेळाडूंचीही बुडते. फरक एवढाच की त्यांची बोट पंधरा मिनिटांत वर येते, भोकं बुजवून पुन्हा पाण्यात उतरते, आणि नवख्याची बोट दिवसभरासाठी बाद होते.

खेळ थोडक्यात असा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या खऱ्या युद्धनौकांची मॉडेलं, बहुधा १:१४४ प्रमाणातली. बोटीच्या सांगाड्याच्या बरगड्यांमधल्या मोकळ्या जागांवर बाल्सा या हलक्या, मऊ लाकडाची पातळ फळी चिकटवलेली. कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणाऱ्या तोफा पोलादी छर्रे मारतात, बाल्साला भोकं पडतात, आत पाणी शिरतं. ‘फास्ट गन’ प्रकारात सगळ्यांचे छर्रे ४.५ मिमीचे आणि बाल्सा साधारण ०.८ मिमीचा. ‘बिग गन’ प्रकारात खऱ्या जहाजाच्या तोफेनुसार छर्रा आणि चिलखतानुसार बाल्सा बदलतो. दोन्हींचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे कुठल्या गटासोबत खेळणार हे ठरण्याआधी लाकडाला करवत लावणं ही पहिली चूक. बरगड्यांची जाडी, त्यांच्यातलं अंतर, पाणी उपसणाऱ्या पंपाच्या नळीचं तोंड, बोटीचा वेग, सगळं नियमात बांधलेलं असतं. बसवलेल्या बरगड्या नंतर तासत बसण्यासारखं कंटाळवाणं काम नाही.

जहाज निवडताना

प्रत्येकाला दुसऱ्या महायुद्धातली जर्मन बिस्मार्क हवी असते, नाहीतर जपानी यामाटो. हिशेब करून पाहा. लांबी १४४ ने भागायची, पण वजन १४४ च्या घनाने, म्हणजे जवळजवळ ३० लाखांनी. २५१ मीटरची बिस्मार्क १७४ सेंमीची होते आणि वजन भरतं १७ किलोच्या आसपास. ही बोट गाडीत नीट मावत नाही, वळायला ऐसपैस जागा घेते, आणि तोफा जास्त म्हणजे बिघडणाऱ्या वस्तूही जास्त.

दुसरं टोक विनाशिकेचं. फ्लेचर वर्गातली विनाशिका ८० सेंमी लांब, जेमतेम ८ सेंमी रुंद आणि किलोभराच्या आतबाहेर. त्यात बॅटरी, गॅसची बाटली, पंप, रिसीव्हर बसवून ती सरळ उभी ठेवणं हे कसबी माणसाचं काम. ‘छोटी म्हणजे सोपी’ हा समज इथे साफ उलटा पडतो.

पहिल्यांदा मधल्या आकाराचं, रुंद पोटाचं जहाज घ्या. पहिल्या महायुद्धातली जर्मन बॅटलक्रूझर फॉन डेर टान हे चांगलं उदाहरण: सुमारे ११९ सेंमी लांब, १८ सेंमी रुंद, सात किलोच्या घरात. हात आत जातो, एकट्याला उचलता येतं. माझ्या मते तर पहिला हंगाम कुणाची तरी वापरलेली बोट विकत घेऊन किंवा उसनी मागून खेळावा आणि मगच स्वतःची बांधायला घ्यावी.

पोटातलं पाणी

सगळ्यात जास्त बोटी इथे जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नवख्याला वाटतं, बोट पाण्याने पूर्ण भरली की बुडते. प्रत्यक्षात ती त्याच्या कितीतरी आधी कलंडते. सपाट तळावर थोडंसं पाणी मोकळं फिरत असेल, तर वळणावर ते सगळं एका बाजूला धावतं, बोट कलते, कलली की वरची भोकंही पाण्याखाली येतात, आणि खेळ खलास.

उपाय बांधणीतच करावा लागतो. तळाचा दोन्ही बाजूंचा भाग फोम किंवा लाकडाने भरून, वर इपॉक्सी फिरवून उंच करायचा आणि मधोमध एक अरुंद नाली ठेवायची. आलेलं पाणी त्या नालीत उतरतं, तिथून सगळ्यात खोल जागी बसवलेल्या पंपाकडे जातं. पंपाच्या तोंडाला जाळी हवीच. नाहीतर बाल्साचा एक तुकडा आत अडकतो आणि मोटर नुसती गुरगुरत राहते.

बॅटरीसारखं जड सामान जितकं खाली बसेल तितकं बरं. हलकी लिथियम बॅटरी वापरली तर वाचलेलं वजन शिशाच्या रूपात तळाशी परत घालावं लागतं. मग बोट टबमध्ये सोडा आणि मुद्दाम तांब्याने आत पाणी ओता. किती पाण्यात कलते, कुठल्या बाजूला कलते, पंप किती वेळात उपसतो, हे घरीच कळलेलं बरं.

पंपाची धार शत्रूलाही दिसते, हेही ध्यानात असू द्या. धार थुंकल्यासारखी तुटक उडत असेल तर पोट कोरडं आहे. भरगच्च, न तुटणारी धार दिसली की समोरचे दोघे-तिघे तुमच्याच मागे लागतात.

रेडिओ आणि वीज

२.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल पाण्यात जवळजवळ जातच नाही. अँटेना पाणरेषेखाली राहिली तर बोट थोडी खाली बसताच ताबा सुटतो, तोही नेमका पळून जायची गरज असते तेव्हा. अँटेना वरच्या बांधकामात, जमेल तितकी उंच न्या. फेलसेफ (सिग्नल तुटला की सगळं बंद करणारी सोय) लावून तपासा: ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबली पाहिजे आणि तोफ गप्प राहिली पाहिजे. रिसीव्हर आणि स्पीड कंट्रोलर घट्ट डब्यात ठेवा किंवा त्यांवर जलरोधक लेप द्या. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीवर भरवसा ठेवू नका.

तोफ चालत नाही तेव्हा

आधी गॅस बघा. २१ अंशांना बाटलीत सुमारे ८५० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो. रेग्युलेटर तो १५० च्या आसपास आणतो. बाटली आडवी किंवा तोंड खाली करून बसवली, तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, तो गोठतो आणि दाब वाट्टेल तसा नाचतो. बाटलीचं तोंड वरच हवं. ती वजन करून भरा आणि उन्हातल्या गाडीत कधीही ठेवू नका. ३१ अंशांच्या पुढे आत द्रव उरत नाही, आणि गच्च भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो.

गॅस ठीक असेल तर साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर लावा, बुडबुडे गळती दाखवतील. सतत सूं आवाज येत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा आहे. बटण एकदा दाबल्यावर दोन-तीन छर्रे सुटत असतील किंवा बोट डुलली की छर्रा आपोआप नळीतून घरंगळत असेल, तर छर्रा अडवून धरणारी ओ-रिंग झिजली आहे. बदला, दुसरा इलाज नाही. आणि एकही छर्रा सुटत नसेल तर बहुतेक गंजलेला छर्रा अडकलेला असतो.

हे सगळं करताना डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा. काठावर फक्त बघायला आलेल्यांच्याही. बोटीला हात लावण्यापूर्वी तोफा निकामी केल्याची खात्री करा.

पाण्यात उतरल्यावर

थांबू नका. थांबलेली बोट म्हणजे शत्रूला फुकटचे गुण: फास्ट गनच्या रुळलेल्या पद्धतीत पाणरेषेवरच्या भागात भोक पडलं तर १०, नेमकं रेषेवर २५ आणि रेषेखाली ५०. म्हणूनच जाणते खेळाडू जवळ येऊन, बाजूला खाली झुकवून बसवलेल्या तोफेने मारतात. एकट्याने कुणाचा पाठलाग करत तळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ नका, आणि उथळ काठाशी कोंडले जाऊ नका. पहिल्या दोन मिनिटांत सगळे छर्रे उडवणाऱ्याकडे नंतर पळण्याशिवाय काही उरत नाही. नवख्याला मागच्या तोफा जास्त कामाच्या, कारण तो बहुतेक वेळ पळतच असतो.

बुडाल्यावर

दोरीला बांधलेला तरंगता ठोकळा बोटीत नसेल, तर गढूळ पाण्यात पायाने चाचपत बसावं लागतं. वरचं बांधकाम सुटं असेल तर तेही दोरीने मुख्य बोटीला बांधा, नाहीतर बोट मिळते आणि तोफांचे मनोरे मिळत नाहीत. बाहेर काढल्यावर आधी गॅस बंद, मग बॅटरी सोडवा. सगळं स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून, मोटरच्या बेअरिंगला तेल द्या. घरी गेल्यावर करू म्हणालात की गंज रात्रीतच सुरू होतो. आणि छर्ऱ्यांची नळी पूर्ण रिकामी करा. पुढच्या वेळी तोफ अडकते ती बहुधा तिथे राहिलेल्या चार ओल्या छर्ऱ्यांमुळेच.