गोड्या पाण्यात स्कूबा रेग्युलेटर कसा जपावा

भंडारा-गोंदियाकडे स्कूबाचा रेग्युलेटर, म्हणजे पाणबुड्याला सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबाने देणारं यंत्र, दिसलाच, तर तो बहुधा शोध-बचाव पथकाकडे. धुवायची गोष्ट काढली की उत्तर येतं, “आपलं पानी गोडं हाय ना जी, काय होते त्याले?” मीठ नाही हे खरं. पण नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी कन्हान-वैनगंगेमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयात येतं, त्यात गाळ वेगळाच. आणि फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागाच्या, आत शिरलं तर विहिरीचं नितळ पाणीसुद्धा पितळ हिरवं करतं.

रेग्युलेटर जोडण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करा. बोटीत आडव्या पडलेल्या सिलिंडरच्या तोंडात पाणी साचतं. ते उडवलं नाही, तर 200 बारचा दाब तेच पाणी फर्स्ट स्टेजच्या तोंडावरच्या फिल्टरमध्ये ढकलतो.

बाहेर आल्यावर जमेल तर रेग्युलेटर सिलिंडरवरच, हवा चालू ठेवून धुवा. आत दाब असल्यामुळे पाणी शिरत नाही आणि पर्ज बटण (दाबलं की हवा जोरात सोडणारं) दाबून तोंडात धरायच्या माउथपीसमधला गाळ मोकळा करता येतो. नंतर व्हॉल्व्ह बंद करा, पर्ज दाबून दाब उतरवा आणि मगच रेग्युलेटर काढा. फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची डस्ट कॅप आतून कोरडी पुसून लगेच घट्ट बसवा. ओली कॅप लावणं म्हणजे फिल्टरवर पाण्याचा थेंब ठेवून झाकण लावणं.

सिलिंडरवरून काढल्यानंतर बादलीत धुणार असाल, तर पर्ज बटणाला हात लावू नका. गडबड नेमकी इथेच होते. बटण दाबलं की सेकंड स्टेजचा, म्हणजे तोंडाकडच्या भागाचा, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून (नळीतून) फर्स्ट स्टेजकडे चढतं. फर्स्ट स्टेज नेहमी वरच्या बाजूला धरा.

चुकून बटण दाबलं गेलंच, तर सिलिंडर जोडून पर्ज दाबून पाणी बाहेर काढा आणि रेग्युलेटर तंत्रज्ञाला दाखवा. तोवर तो घेऊन पाण्यात उतरू नये. फिल्टर हिरवट दिसला तर पाणी शिरलेलं आहे. तांबूस दिसला तर सिलिंडर आतून गंजला असेल, तोही तपासून घ्या.

वाळवायचं ते सावलीत. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा जीपच्या टपावर रेग्युलेटर टाकला तर रबर लवकर जातं. ओ-रिंग (जोडावरची रबरी कडी) कोरडी वाटली म्हणून खोबरेल तेल तर अजिबात नको. जास्त दाबाच्या हवेत तेल पेटू शकतं, शिवाय त्याचा वास थेट फुप्फुसात. होज दुमडू न देता सैल गुंडाळा. माउथपीस मात्र पिशवीत झाकून ठेवा, कोठीतल्या झुरळांना आत शिरायला फार वेळ लागत नाही.